ध्वनिमुद्रिकेचे घरगुती वेष्टण

बँड हा शब्द उच्चारला की आपल्याकडे वरातीपुढे चालणारा, झालरीच्या पोशाखातला वाजंत्र्यांचा ताफा डोळ्यांपुढे उभा राहतो. इंग्लंड-अमेरिकेत मात्र गेल्या साठ-सत्तर वर्षांत या शब्दाला निराळाच अर्थ चिकटला. चारपाच तरुण मित्र, एकदोन गिटारी, एक ड्रम, कोणाच्या तरी घराचे तळघर किंवा मोटार ठेवण्याची खोली आणि स्वतः रचलेली गाणी, एवढ्या सामग्रीवर जो संसार मांडला जातो, त्याला तिकडे बँड म्हणतात. आपली गाणी तबकडीवर उतरवावीत असे या मंडळींच्या मनात आले की त्यांची पहिली गाठ पैशाशी पडते. मोठ्या कंपन्या त्यांच्याकडे ढुंकून पाहात नाहीत. तेव्हा तबकडी काढावयाची तर ती स्वतःच्या खर्चाने.

हा खर्च तपासला तर त्याचे दोन भाग पडतात. ध्वनिमुद्रणगृहाचे भाडे, मूळ साचा कोरून घेण्याची किंमत आणि कारखान्यात प्रती छापण्याचा दर, हा पहिला भाग परक्यांच्या हातचा आहे. तेथे घासाघीस फारशी चालत नाही. यंत्र ज्याचे, दर त्याचा. दुसरा भाग म्हणजे तबकडीचे वेष्टण. कागद, पुठ्ठा, छपाई, घडी, डिंक आणि पाकिटात तबकडी सरकवणारे हात. या दुसऱ्या भागात मात्र पैशाऐवजी श्रम घालता येतात. ज्याच्या खिशात काही नाही, त्याच्याकडेही दोन हात आणि रिकामी संध्याकाळ असतेच. स्वतः तबकड्या काढणाऱ्या गरीब वादकांचा इतिहास पाहू गेल्यास तो पुष्कळसा या डिंकाच्या बाटलीभोवती फिरताना दिसतो.

त्या इतिहासाचे एक जुने टोक शिकागोत सापडते. अमेरिकेतील अलाबामा प्रांतातल्या बर्मिंगहॅम गावी १९१४ साली जन्मलेला हर्मन ब्लाउंट नावाचा कृष्णवर्णीय पियानोवादक दुसऱ्या महायुद्धानंतर शिकागोला येऊन राहिला आणि तेथे त्याने सन रा हे नाव धारण केले. आपण मूळचे शनी ग्रहावरचे, असे तो सांगे. त्याचा जॅझ वाद्यवृंदही असाच लोकविलक्षण होता. त्याचा मित्र आणि व्यवस्थापक ऑल्टन अब्राहम याने त्याच्यासह १९५० च्या दशकाच्या मध्यावर सॅटर्न, म्हणजे शनी याच नावाची, एक ध्वनिमुद्रिका-संस्था काढली. ‘सुपरसॉनिक जॅझ’ ही त्यांची पहिली दीर्घमुद्रिका १९५७ सालची. कृष्णवर्णीय कलावंताने आपल्या संगीताची मालकी आपल्याच हाती ठेवावी, ही गोष्ट त्या काळी किती अवघड होती हे ध्यानात घेतले म्हणजे या लहानशा खटपटीचे मोल कळते.

सॅटर्नच्या आरंभीच्या काही वेष्टणांची चित्रे क्लॉड डेंजरफील्ड या चित्रकाराने काढली. पुढे पैशाची ओढाताण वाढत गेली तसा प्रकार बदलला. कोरी पांढरी पाकिटे आणावयाची आणि वृंदातल्या वादकांनीच ती रंगीत लेखण्यांनी, शिक्क्यांनी, कापून चिकटवलेल्या छायाचित्रांनी सजवावयाची, असा रिवाज पडला. काही मुद्रिकांच्या प्रती शंभराहूनही कमी काढल्या जात. त्या दुकानांत क्वचितच मिळत. कार्यक्रम संपल्यावर रंगमंचाच्या कडेला ज्याने मागितली त्याने घ्यावी. एका प्रतीचे वेष्टण दुसरीसारखे नसे. इतकेच नव्हे, तर एका मुद्रिकेची एक बाजू आणि दुसरीची दुसरी बाजू अशी जोडणीही कधी होऊन जाई आणि नावाची पट्टी भलत्याच बाजूस लागे. सूची करणाऱ्या अभ्यासकांना या अव्यवस्थेने पुढे पुष्कळ रात्री जागविले. व्यवहाराच्या दृष्टीने हा कारभार आदर्श होता असे कोणीही म्हणणार नाही. परंतु १९६१ मध्ये न्यूयॉर्क आणि १९६८ मध्ये फिलाडेल्फिया असे बिऱ्हाड हलवीत हा वृंद टिकला, आणि १९९३ साली सन रा निवर्तला तेव्हा त्याच्या नावावर शंभरावर मुद्रिका जमा होत्या. कंपन्यांच्या मर्जीवर राहता तर त्यांतील कितीतरी निघाल्याच नसत्या.

इंग्लंडमध्ये ही चाल रूढ व्हावयास १९७७ साल उजाडावे लागले. मँचेस्टरच्या बझकॉक्स नावाच्या चौघांच्या बँडने २८ डिसेंबर १९७६ रोजी गावातल्याच एका मुद्रणगृहात एका बैठकीत चार गाणी नोंदविली. लागणारे पाचशे पौंड उसनवारीने उभे केले होते. त्यांतील मोठा वाटा गिटारवादक पीट शेलीच्या वडिलांनी दिला. पुढच्याच महिन्यात ‘स्पायरल स्क्रॅच’ ही सात इंची मुद्रिका ‘न्यू हॉर्मोन्स’ या त्यांनी स्वतःच ठेवलेल्या नावाखाली बाहेर पडली. प्रती एक हजार. म्हणजे सारा खर्च धरून प्रतीमागे अर्धा पौंड.

वेष्टणावरचे छायाचित्र त्यांचा मित्र रिचर्ड बून याने क्षणात चित्र देणाऱ्या पोलरॉइड कॅमेऱ्याने, मँचेस्टरच्या भर चौकातल्या सर रॉबर्ट पील यांच्या पुतळ्याच्या पायथ्याशी घेतले. छायाचित्रकाराची फी नाही, ठसे करण्याची उठाठेव नाही, छपाई काळ्या-पांढऱ्यात. मागील बाजूस प्रत्येक गाण्यापुढे ते कितव्या प्रयत्नात नोंदविले आणि त्यावर नंतर काही वाजवून चढविले की नाही, हेही नमूद केले होते. स्वयंपाकघराचे दार उघडे ठेवून पाहुण्यांस जेवावयास बसवावे तसा हा प्रकार. आपण हे कसे केले हे वेष्टणावरच सांगून टाकण्याची ही पद्धत पुढे इतरांनी उचलली आणि तिच्यातून बरेच काही निघाले. हजार प्रती पाहता पाहता संपल्या. पुन्हा पुन्हा काढाव्या लागून त्यांचा आकडा सोळा हजारांपर्यंत गेला. मित्रांनी दिवाणखान्यात बसून पाकिटे भरण्याचे काम या आकड्यापुढे अर्थातच मागे पडले. घरगुती वेष्टणाची मर्यादा त्याच्या यशातच असते, हे येथे प्रथम दिसून आले.

त्याच वर्षी लंडनमध्ये डेस्परेट बायसिकल्स नावाच्या मंडळींनी खर्च आणखी खाली आणून दाखविला. त्यांची पहिली मुद्रिका पाचशे प्रतींची होती आणि तिला एकंदर १५३ पौंड लागले. हा आकडा त्यांनी दुसऱ्या मुद्रिकेच्या वेष्टणावर छापला आणि ऐकणाऱ्यांनीही असेच करून पाहावे असे सुचविले. हा सल्ला मनावर घेणारे थोडेथोडके नव्हते. त्यांपैकी लंडनच्याच कॅम्डन भागातील एका पडीक घरात बिनभाड्याने राहणारे स्क्रिटी पोलिटी हे तरुण सर्वांत हिशेबी निघाले. १९७८ साली निघालेल्या त्यांच्या पहिल्या मुद्रिकेचे वेष्टण म्हणजे छायाप्रती काढणाऱ्या यंत्रावरून काढलेला आणि घडी घातलेला कागद होता, आणि त्या कागदावर मुद्रिकेचा जमाखर्चच मांडलेला होता. चौदा तासांच्या ध्वनिमुद्रणास ९८ पौंड, मूळ साचा कोरण्यास ४० पौंड, अडीच हजार प्रती दर प्रतीस १३ पेन्स, कोऱ्या पांढऱ्या पट्ट्यांवर उठविण्याच्या रबरी शिक्क्यास ८ पौंड. कोठे काय मिळते त्याचे पत्तेही सोबत दिले होते. व्यापारी ज्या गोष्टी उराशी धरून बसतो त्या या पोरांनी चव्हाट्यावर मांडल्या. दुकानदाराच्या भाषेत हा वेडेपणाच. परंतु या वेडामुळे इंग्लंडच्या गावोगावी लहानलहान मुद्रिका निघू लागल्या, हे नाकारता येत नाही.

या जमाखर्चात एक रक्कम मात्र नाही. अडीच हजार तबकड्यांच्या दोन्ही बाजूंवर शिक्का उठवावयाचा म्हटले तर हात पाच हजार वेळा खाली आणावा लागतो. त्या हाताची मजुरी हिशेबात धरलेली नाही. कागदाच्या घड्यांचेही तेच. सरकारी कचेरीत असा जमाखर्च पुढे आला असता तर लेखापरीक्षकाने त्यावर तांबड्या शाईने शेरा मारला असता. घरगुती वेष्टणाची स्वस्ताई हीच. ती रक्कम कोणी तरी मोजतेच. फक्त नाण्यांत मोजीत नाही.

ही न धरलेली मजुरी आनंदाने दिली जाते केव्हा आणि ती जड होते केव्हा, हे पाहावयाचे तर पुन्हा मँचेस्टरला जावे लागते. तेथे टोनी विल्सन आणि ॲलन इरॅस्मस या दोघांनी १९७८ मध्ये फॅक्टरी नावाची संस्था सुरू केली. तिची पहिली जोडमुद्रिका पाच हजार प्रतींची. प्रत्येक प्रत चंदेरी छपाईच्या पातळ कागदात घालून वरून प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेली. ही सारी पाकिटे इरॅस्मसच्या राहत्या घरात हातांनी तयार झाली. पैसा विल्सनला आईकडून वारशाने मिळालेला होता. संस्थेच्या आश्रयास आलेल्या बँडांत जॉय डिव्हिजन हा एक होता. फॅक्टरीकडे येण्यापूर्वी याच चौघांनी आपली पहिली मुद्रिका स्वखर्चाने काढली होती. चौदा इंची चौरस कागद घडी घालून सात इंची करावयाचा असे तिचे वेष्टण होते, आणि त्या घड्या त्यांनी स्वतः घातल्या होत्या. काम तेच, पण वस्तू स्वतःची.

नंतर १९८० च्या आरंभी फॅक्टरीने व्हिनी रायली या गिटारवादकाची दीर्घमुद्रिका काढली. तिचे वेष्टण कशाचे करावे? तर सुतारकामाच्या खरखरीत पॉलिशकागदाचे! ही कल्पना जुनी होती. पॅरिसच्या गी दबोर आणि डॅनिश चित्रकार आस्गर योर्न यांनी आपल्या एका पुस्तकास असेच वेष्टण घालून, ते फडताळात ठेवले की शेजारच्या पुस्तकांची कातडी सोलून निघेल अशी व्यवस्था १९५९ मध्ये केली होती. आता शेजारच्या तबकड्यांची पाळी आली. पहिल्या दोन हजार प्रतींवर हा कागद चिकटविण्याचे काम जॉय डिव्हिजनच्या वादकांना थोडक्या मजुरीवर देण्यात आले. सांगतात ते असे की, बाकीचे तिघे समोर लावलेला चित्रपट पाहण्यात रमले आणि पैशाची नड असलेला गायक इयन कर्टिस एकटाच डिंक फासत राहिला. त्या वेळी त्याला पत्नी होती, लहान मुलगी होती, अपस्माराचे दुखणे होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तेविसाव्या वर्षी त्याने आपले जीवन संपविले. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध जोडणे अर्थातच चुकीचे होईल. परंतु हा विनोदी म्हणून पुन्हा पुन्हा सांगितला जाणारा किस्सा ऐकताना दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या मुद्रिकेच्या घड्या घालणारा तोच तरुण आठवतो, आणि दुसऱ्याच्या लहरीपायी केलेले तेच काम निव्वळ मोलमजुरी कशी होऊन बसते, हे कळते.

फॅक्टरीने पुढे वेष्टणाचा शौक फारच वाढविला. १९८३ मधील ‘ब्लू मंडे’ या मुद्रिकेच्या खिडक्या कापलेल्या वेष्टणास इतका खर्च आला की दर प्रत विकली म्हणजे संस्थेस तोटा होई, अशी आख्यायिका आहे. तिच्यातले आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात, म्हणून ती जशीच्या तशी खरी मानण्याचे कारण नाही. संस्थेचे दिवाळे १९९२ मध्ये वाजले आणि त्यास कारणे पुष्कळ होती.

अटलांटिकच्या पलीकडे याच सुमारास फार वेगळ्या वृत्तीची मुले कामास लागली होती. वॉशिंग्टनच्या टीन आयडल्स या बँडमधली मुले शाळकरी वयाचीच होती. मद्य विकले जाते अशा जागी गाण्याचे कार्यक्रम होत आणि अल्पवयीनांना तेथे मज्जाव असे. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबात त्यांच्या हातांवर शाईने मोठी फुली मारून त्यांना आत सोडण्यात आले. फुली पाहिली की मद्य द्यावयाचे नाही, ही खूण. ही फुली त्यांनी गावी आणली आणि अभिमानाने मिरविली. १९८० च्या अखेरीस बँड मोडला तेव्हा वर्षभराच्या कार्यक्रमांतून साठविलेले सुमारे सहाशे डॉलर सिगारच्या एका पेटीत पडून होते. ते वाटून घ्यावेत की त्यांतून मोडलेल्या बँडची आठवण म्हणून एक मुद्रिका काढावी? मुलांनी दुसरा मार्ग पत्करला. हजार प्रतींची ही आठ गाण्यांची मुद्रिका १९८१ च्या आरंभी लोकांच्या हाती आली. तिच्या वेष्टणावर फुल्या मारलेले दोन हात होते. संस्थेचे नाव ठेवले डिस्कॉर्ड. तिची सूत्रे इयन मॅके आणि जेफ नेल्सन या दोघांकडे राहिली.

सचित्र पाकीट कारखान्यातून करून घेणे त्यांना परवडणारे नव्हते. मग त्यांनी एका इंग्लिश मुद्रिकेचे पाकीट घेतले, चिकटविलेल्या जागी ते हळूच उकलून सपाट केले आणि त्याची बाह्यरेषा कागदावर गिरवून घेतली. पाकीट म्हणजे काय, हे तेव्हा त्यांना उमगले. दोन चौकोन आणि त्यांना लागून असलेले अरुंद पंख, एवढेच ते प्रकरण! साध्या छापखान्यातून तो आराखडा मोठ्या कागदावर छापून घेतला आणि पुढचे काम घरी नेले. कातरीने कापावयाचे, पट्टीच्या कडेवर दुमडावयाचे, पंखांना डिंक लावावयाचा, दाबून ठेवावयाचे. एका पाकिटास तीन मिनिटे धरली तर हजारांस पन्नास तास होतात. लग्नघरात निमंत्रणपत्रिकांची पाकिटे भरावयास सारी आळी गोळा होते, तशी मित्रमंडळी या कामास गोळा होई. पहिल्या मुद्रिकेवर ते थांबले नाहीत. परत येईल तो पैसा मित्रांच्या दुसऱ्या बँडांच्या मुद्रिकांस लावावयाचा असे ठरले होते, म्हणून पुढील काही मुद्रिकांची हजारो पाकिटे याच रीतीने तयार झाली.

या श्रमांचा लाभ त्यांनी घेतला तो किंमत खाली ठेवण्यासाठी. टपालखर्चासह मुद्रिका केवढ्यास पडेल ते पाकिटावरच छापावयाचे, म्हणजे दुकानदाराने वर काही चढविले तर घेणाऱ्यास ते कळावे. ज्याने पाकीट स्वतः केले त्याला पाकिटावर काय लिहावे हे विचारावयास कोणाकडे जावे लागत नाही. किंमत, पत्ता, आपली भूमिका, सारे तेथे येते. डिस्कॉर्ड ही संस्था चार दशकांहून अधिक काळ टिकली. मोठ्या कंपन्यांनी पुढे केलेला पैसा तिने घेतला नाही, आणि या न घेण्याचा पाया त्या पहिल्या पन्नास तासांत घातला गेला होता असे म्हणावयास हरकत नाही.

हे सारे चालले असतानाच तबकडीचे रूप पालटले. ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात कॉम्पॅक्ट डिस्क विक्रीस आली. बारा सेंटिमीटर व्यासाची, सव्वा मिलिमीटरहूनही किंचित पातळ, चकाकणारी अशी ही चकती. तिच्यासाठी पारदर्शक प्लास्टिकची डबी मुक्रर झाली. वरचे झाकण, खालचा तळ आणि मध्ये चकती धरून ठेवणारी बैठक असे तिचे तीन भाग. लांबी १४२, रुंदी १२५ आणि जाडी दहा मिलिमीटर. दिसावयास ती नेटकी होती. परंतु बिजागरीचे कान आणि मधले दाते मोडावयास वेळ लागत नसे. अमेरिकेतील दुकानदारांनी तर आपल्या मोठ्या तबकड्यांसाठी केलेल्या खणांत ती बसेना म्हणून डबीला आणखी एक बारा इंच उंचीचे पुठ्ठ्याचे खोके चढविले. घरी नेताच ते खोके केराच्या टोपलीत जाई. ही उधळपट्टी बंद व्हावयास १९९३ साल यावे लागले.

घरगुती वेष्टणाच्या दृष्टीने हा काळ वनवासाचा होता. प्लास्टिकची डबी घरी करता येत नाही. चकती छापण्याच्या कारखान्याचा सहसा पाचशे-हजारांखाली विचारच नसे; आणि त्याच्याकडून येणारा माल डबीत बंद होऊनच येई. हातांना करावयास काही उरले नव्हते. मग १९९० च्या दशकात दोन गोष्टी घडल्या. कोऱ्या चकतीवर घरीच ध्वनी उतरविणारे यंत्र आरंभी श्रीमंत कचेऱ्यांनाच झेपणारे होते. ते १९९५ मध्ये एक हजार डॉलरच्या आत आले आणि पुढे संगणकाचा एक साधा भाग होऊन बसले. ज्या कारखान्यापुढे सन रापासून डिस्कॉर्डपर्यंत सर्वांना ओंजळ पसरावी लागली, तो आता टेबलावर आला. दुसरी गोष्ट अशी की, वेष्टणासाठी लोक पुन्हा कागदाकडे वळले.

वळण्याची कारणे भावनिक होती तशीच रोखठोकही होती. डबीतली चकती आतल्या पुस्तिकेसह सुमारे शंभर ग्रॅम भरते. निव्वळ चकती पंधराएक ग्रॅमच. टपालाने माल पाठविणाऱ्यास हा फरक प्रत्येक तिकिटास जाणवतो, आणि डबी वाटेत फुटली तर तक्रार निराळीच. उलट नेहमीच्या कचेरी कागदाचा एक ताव घेतला तर त्यात चकती जणू मापानेच बसते. तावाची रुंदी २१० मिलिमीटर. मधले १२५ चकतीस सोडले म्हणजे दोन्ही बाजूंस साडेबेचाळीस मिलिमीटरचे पंख उरतात. ते आत दुमडावयाचे. तावाची उंची २९७. त्यातले १२५ पुढच्या बाजूस, १२५ मागच्या बाजूस, आणि उरलेल्या ४७ मिलिमीटरची जीभ करून ती पंखांच्या घडीत खोचावयाची. डिंकाचा थेंबही लागत नाही. अधिक टिकाऊ हवे असेल तर हाच आराखडा जाड पुठ्ठ्यावर. मात्र पुठ्ठा दुमडण्यापूर्वी बोथट सुरीने किंवा रिकाम्या लेखणीने घडीची रेघ दाबून घ्यावी लागते, नाहीतर कड फाटते. चित्र छापण्यास पैसे नसतील तर रबरी शिक्का, बटाट्याचा ठसा, जाळीच्या कापडातून रंग गाळण्याची चौकट, यांपैकी काहीही चालते. शिकागोतील वादक रंगीत लेखण्या घेऊन बसत, तोच खेळ पुन्हा सुरू झाला.

येथे एक धोका होता आणि पुष्कळांनी तो अनुभवाने ओळखला. चकती खालून वाचली जाते, म्हणून खालची बाजूच जपावयाची असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः चकाकणारा धातूचा थर, ज्यावर ध्वनी अवलंबून, तो वरच्या बाजूस नुसत्या लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. खाली मात्र त्याच्या रक्षणास जवळजवळ सर्व जाडीचे प्लास्टिक आहे. वरच्या बाजूवर टोकदार लेखणीने नाव लिहिले, तीव्र द्रावणाची शाई वापरली किंवा कागदाची पट्टी चिकटवून ती पुन्हा ओढून काढली, तर त्या थरासह गाणेच उचलले जाते. वाकडी चिकटलेली पट्टी वेगाने फिरणाऱ्या चकतीचा तोलही बिघडविते. म्हणून जाणत्यांनी मऊ टोकाच्या, पाण्यावर आधारलेल्या शाईच्या लेखणीने मधल्या कड्याजवळ दोन अक्षरे लिहावीत आणि सारी हौस पाकिटावर भागवावी, अशी रीत पाडली. खरखरीत पुठ्ठ्याच्या पाकिटात चकती तशीच सरकवली तर खालच्या बाजूवर चरे उठतात, यासाठी आत गुळगुळीत कागदाची पातळ पिशवी घालावी लागते. विल्सनच्या पॉलिशकागदाचे स्मरण येथे झाल्यावाचून राहात नाही.

कागदाच्या या पुनरागमनात माँट्रियल शहराचा वाटा मोठा आहे. तेथे १९९७ च्या सुमारास इयन इलाव्हस्की आणि डॉन विल्की यांनी कॉन्स्टेलेशन ही संस्था काढली आणि चकत्या प्लास्टिकच्या डबीत न घालता जाड पुठ्ठ्याच्या पाकिटांत घालण्याचा परिपाठ ठेवला. छपाई, कापणी, घडी, सारे शहरातल्याच छोट्या कारागिरांकडून आणि स्वतःच्या माळ्यावरच्या खोलीत. हात आता दुसऱ्याचे होते तेथे त्यांची किंमत मोजली जाई. स्वतःच्या होत्या त्या रात्री मात्र पूर्वीसारख्याच हिशेबाबाहेर राहिल्या.

याच संस्थेने १९९७ मध्ये गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर या माँट्रियलच्या बँडची पहिली दीर्घमुद्रिका काढली. ती चकती नव्हती, जुन्या धर्तीची मोठी तबकडीच होती. प्रती पाचशे, आणि प्रत्येक वेष्टण हातांनी सिद्ध केलेले. आत एक लहान पाकीट होते. त्यात छापील कागद, एक आकृती आणि कॅनडाचा एक तांब्याचा सेंट. हा सेंट आगगाडीच्या रुळावर ठेवून तिच्या चाकांखाली चपटा करून घेतलेला होता. पाचशे प्रतींना पाचशे नाणी, म्हणजे पाच डॉलर. रुळांपर्यंत पायपीट करण्यास, गाडीची वाट पाहण्यास आणि उडालेली नाणी खडीत शोधण्यास किती वेळ गेला हे कोणी लिहून ठेवलेले नाही. एकही सेंट दुसऱ्यासारखा चपटा झाला नाही. कशावर राणीच्या मुखाची पुसट रेघ राहिली, कशावर काहीच नाही. वर्षभराने हेच संगीत शिकागोच्या एका संस्थेने चकतीवर आणले. मोठ्या तबकडीची मागणी चालू राहिल्याने पुढच्या प्रतींसाठीही नाणी रुळांवर ठेवली जात राहिली. कॅनडाच्या टांकसाळीने २०१२ साली सेंट पाडणे बंद केले.